नेता नवा, कौल नवा
ब्रिटनमध्ये गॅलप पद्धतीच्या जनमत चाचण्या १९३७ साली सुरू झाल्या. पक्षाने नेता बदलला की लोकांचा कल किती हलतो, हे पुढे त्यांतून आकड्यांत दिसू लागले. ठळक उदाहरण १९९० चे. पोल टॅक्स या दरडोई करावरून लोक संतापले होते आणि मार्गारेट थॅचर यांचा हुजूर पक्ष मजूर पक्षाच्या बराच मागे पडला होता. २८ नोव्हेंबरला थॅचर यांच्या जागी जॉन मेजर पंतप्रधान झाले आणि पक्षाने चाचण्यांत मुसंडी मारली. सरकार त्याच पक्षाचे, चेहरा तेवढा नवा! ही भरती पुढे ओसरली. तरीही एप्रिल १९९२ ची निवडणूक मेजर यांनी जिंकली, बहुतेक चाचण्या त्रिशंकू संसदेकडे बोट दाखवत असताना. २००७ मध्ये मजूर पक्षाचे नवे नेते व पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनाही सुरुवातीला आघाडी मिळाली. मुदतपूर्व निवडणुकीची चर्चा रंगली. ऑक्टोबरमध्ये आकडे फिरले आणि तो बेत गुंडाळला गेला.