जुनेर ते व्हिंटेज

नेसून नेसून विरलेल्या लुगड्याला मराठीत 'जुनेर' म्हणतात. जुनेराचे मार्ग ठरलेले असत: गोधडी, बाळाची दुपटी, नाहीतर बोहारणीच्या हाती जाऊन बदल्यात एखादं पातेलं. जुनेर नेसून कोणी चारचौघांत मिरवायला जात नसे. मग कुणा अनोळखी बाईच्या कपाटातला १९४० किंवा १९५० च्या दशकातला झगा मुद्दाम पैसे मोजून घ्यायचा, तो अंगाबरोबर बसवून घ्यायचा आणि एका संध्याकाळी दोघांनी मिळून रेस्टॉरंटमध्ये जेवायला जायचं, ही पाश्चात्त्य शहरांत रुजलेली हौस आली कुठून? 'जुन्याची ओढ' हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. जुन्याची ओढ माणसाला पूर्वापार आहे, ही हौस मात्र जेमतेम पाऊणशे वर्षांची. तिला जन्मायला अनोळखी माणसांची गर्दी लागली, आणि ती जागा रेस्टॉरंटने दिली.

'रेस्टॉरंट' हा शब्द मुळात जागेचा नव्हे, पदार्थाचा. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये अशक्त माणसाला तरतरी आणणाऱ्या मांसाच्या अर्काला हे नाव होतं. १७६० च्या दशकात तो अर्क विकणारी दुकानं निघाली आणि पदार्थाचं नाव हळूहळू दुकानाला चिकटलं. पण खरी नवलाई अर्काची नव्हतीच. जुन्या खानावळीत सगळ्यांनी एकाच लांब टेबलाशी, ठरल्या वेळी, वाढतील ते खायचं. इथे वेगळं टेबल, आपल्या सोयीची वेळ आणि किमतींसह पदार्थांची यादी. दोन माणसं सगळ्यांच्या देखत, तरीही सगळ्यांपासून वेगळी बसू शकतील अशी ही सोय होती. लंडनच्या प्रतिष्ठित घरांतल्या बायका मात्र बराच काळ तिच्यापासून लांबच राहिल्या. १८८९ मध्ये सॅव्हॉय हॉटेल उघडलं, सेझार रिट्झने व्यवस्था आणि एस्कोफियेने मुदपाकखाना सांभाळला, तेव्हा अशा बायकांनी उंची पोशाखात चारचौघांत जेवणं शिष्टसंमत होऊ लागलं. पुढे १८९६ मध्ये शिकागोच्या वर्तमानपत्रातल्या जॉर्ज एड याच्या सदरात 'डेट' हा शब्द प्रेमिकांच्या भेटीच्या अर्थाने छापून आला. तोवर मध्यमवर्गीय अमेरिकी तरुणाने मुलीच्या घरी, तिच्या आईच्या नजरेखाली बसायचं असा रिवाज होता. डेटने ही भेट दिवाणखान्यातून उचलून बाहेर आणली. नजर राहिलीच; फक्त आईच्या जागी परकी माणसं आली.

या टेबलाशी जुने कपडे मात्र अजून पोचले नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये हाउंड्सडिचला जुन्या कपड्यांचा मोठा बाजार भरे, पण तिथे गिऱ्हाईक गरजेपोटी येई आणि उतरलेल्या कपड्याला रोगराईचा संशय चिकटलेला असे. 'व्हिंटेज' हा शब्द तर द्राक्षांच्या मळ्यातला. लॅटिनमधल्या 'विंदेमिया'पासून, म्हणजे द्राक्षांच्या तोडणीपासून तो निघाला. पुढे एखाद्या सालच्या दारूसाठी आणि मग जुन्या मोटारींसाठी वापरात आला. ब्रिटनमध्ये १९३४ साली अशा मोटारींच्या शौकिनांचा क्लबही निघाला. कपड्यांच्या वाट्याला तो ठळकपणे आला १९५७ च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये. १९२० च्या दशकात कॉलेजचे तरुण रॅकूनच्या कातडीचे जाडजूड कोट घालत. ते अडगळीत पडलेले कोट ग्रेनिच व्हिलेजमध्ये पुन्हा अंगावर चढले, आणि लॉर्ड अँड टेलर या बड्या दुकानाने फाटकेतुटके कोट 'व्हिंटेज' म्हणून विकायला काढले. कोट तेच, भोकंही तीच. बदलला तो घालणारा. नवा कोट सहज परवडत असताना त्याने जुना निवडला होता. तयार कपडे स्वस्त झाले, नवेपणा ही ऐपतीची खूण उरली नाही, तेव्हाच जुनेपणाला भाव चढला. १९६६ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर 'ग्रॅनी टेक्स अ ट्रिप' हे जुन्या कपड्यांचं दुकान फॅशनचं ठिकाण बनलं होतं, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

यावर कोणी म्हणेल, आजीची पैठणी नातीने लग्नात नेसायची हे तर आपल्याकडे कधीपासून चालत आलं आहे. त्यात व्हिंटेजचं नवल ते काय? फरक पाहणाऱ्यांत आहे. लग्नघरात मावश्या-आत्यांना ती पैठणी कोणाची, कुठल्या प्रसंगी घेतलेली, हे पाठ असतं. ती नेसणं म्हणजे त्या माळेत आपला मणी ओवणं. व्हिंटेज झग्याची माळ तुटलेली असते. मूळ मालकिणीचं नावही ठाऊक नसतं. म्हणूनच तो परक्यांत शोभतो, आणि ज्याच्यासोबत डेटला जायचं त्याला तर आपली नवी ओळखच करून द्यायची असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रेस्टॉरंटात नटून जाण्याची सक्ती तर पूर्वीच होती, हे तिचंच शेपूट. मला उलटं वाटतं. सक्ती होती तोवर नियमाबरहुकूम नवा पोशाखच चाले. १९६६ मध्ये फॅशन डिझायनर ईव्ह सें लोराँने स्त्रियांसाठी 'ल स्मोकिंग' हा पँटचा सूट काढला. तो घालून न्यूयॉर्कच्या ला कोत बास्क या रेस्टॉरंटमध्ये गेलेल्या नॅन केम्पनर या धनिक बाईला दारात अडवलं, तेव्हा तिने पँट उतरवून नुसतं जाकीट झग्यासारखं घातलं आणि ती आत गेली, असा किस्सा सांगतात. असे नियम ढिले पडले आणि जीन्स चालू लागली, तेव्हा नटणं ही ज्याची त्याची मर्जी झाली. इतिहासातला कुठलाही पोशाख निवडायची मुभा त्यानंतरची.

आणि व्हिंटेज झगा घालून जेवायलाच का जायचं, नाचायला का नाही, याचं एक कारण निव्वळ कापडाचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रेशमाला वजन आणि सळसळ यावी म्हणून ते कथिलाच्या क्षारांत बुडवत. त्या क्षारांनी धागा आतून ठिसूळ होतो. १९२० च्या दशकातला असा झगा अंगावर घालून मंद उजेडात दोन तास खुर्चीवर बसता येतं. हात उंचावून गिरकी घेतली तर तो काखेत फाटतो, आणि नुसता कपाटात ठेवला तरी घड्यांवर चिरत जातो.