डेनट्री : विषारी बियांवर जगलेल्यांचे अरण्य

जून १७७०. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ जेम्स कुकचे ‘एन्डेव्हर’ जहाज प्रवाळाच्या खडकावर आदळले. आपल्या विपत्तीचा आरंभ येथूनच झाला, म्हणून कुकने जवळच्या भूशिराला ‘केप ट्रिब्युलेशन’, म्हणजे संकटाचे भूशिर, असे नाव दिले.

१८७३ मध्ये डॅलरिंपल याने तेथील नदीला भूगर्भशास्त्रज्ञ रिचर्ड डेनट्रीचे नाव दिले. डेनट्री तेव्हा लंडनमध्ये क्वीन्सलंड वसाहतीचा प्रतिनिधी होता. नदीचे नाव पुढे अरण्याला आणि राष्ट्रीय उद्यानालाही मिळाले.

या अरण्यात सहस्रावधी वर्षे राहणारे पूर्व कुकू यलांजी लोक या नामकरणात कोठेच नव्हते.

वर्षावन हिरवेगार दिसले, तरी माणसाला ते सहज पोसत नाही. फळे आणि बिया विपुल असल्या, तरी त्यांतल्या कित्येक विषारी. सायकॅड आणि ब्लॅक बीन यांच्या बिया तशाच खाल्ल्या तर जिवावर बेतते. येथील आदिवासी त्या भाजत, ठेचत किंवा त्यांचे काप करत आणि वाहत्या ओढ्यात कित्येक दिवस ठेवून विष धुऊन काढत. मग त्याच बिया रोजच्या आहारात येत. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नव्हते. ते आजीकडून नातीकडे जात होते.

१९७१ मध्ये डेनट्री परिसरात गुरे मेली. त्यांच्या पोटात सापडलेल्या बियांवरून, नामशेष मानला गेलेला ‘इडिओस्पर्मम’ हा वृक्ष पुन्हा उजेडात आला. सपुष्प वनस्पतींच्या अतिप्राचीन शाखांपैकी तो एक. येथील मोठी फळे गिळून त्यांच्या बिया दूरवर पेरतो तो कॅसोवरी, माणसाएवढा उंच, उडता न येणारा पक्षी.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये केप ट्रिब्युलेशनहून ब्लूमफील्डकडे रस्ता काढण्यासाठी बुलडोझर आले. आंदोलकांनी स्वतःला झाडांना साखळदंडांनी बांधून घेतले, काहींनी गळ्यापर्यंत मातीत पुरून घेतले. रस्ता झालाच, पण देशाचे लक्ष अरण्याकडे वळले. क्वीन्सलंड सरकारचा विरोध असतानाही १९८८ मध्ये ‘वेट ट्रॉपिक्स’ या नावाने हा प्रदेश जागतिक वारसा यादीत गेला.

मात्र ती नोंद केवळ नैसर्गिक निकषांवर झाली. झाडे वारसा ठरली, त्यांच्या बियांचे अन्न करणारी माणसे नव्हे! येथील आदिवासी संस्कृतीला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता मिळण्यास २०१२ साल उजाडले. जमिनीवरील पारंपरिक हक्क त्याआधी, २००७ मध्ये, न्यायालयाने मान्य केला होता.

२९ सप्टेंबर २०२१ रोजी डेनट्रीसह चार राष्ट्रीय उद्यानांची १,६०,००० हेक्टरांहून अधिक भूमी पूर्व कुकू यलांजींच्या मालकीत परत आली. व्यवस्थापन ते आणि क्वीन्सलंड सरकार मिळून पाहतात. त्या चारांपैकी ब्लॅक माउंटन उद्यानाचे नाव आता कल्काजाका आहे. कुकने दिलेले नाव नकाशावर अजून आहे. यलांजी लोक त्या भूशिराला कुल्की म्हणतात.