जहाज, शर्यत आणि रूळ : टॉर्क कन्व्हर्टरचा इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांत वाफेचे टर्बाइन आले आणि त्याबरोबर एक पेचही आला. टर्बाइन भरधाव फिरले तरच कार्यक्षम ठरते. जहाजाचा पंखा मात्र संथ फिरला तरच पाणी नीट रेटतो. एवढी शक्ती पेलणाऱ्या दातेरी चाकांचा तेव्हा भरवसा नव्हता. स्टेटिनच्या व्हल्कन जहाज कारखान्यातील जर्मन अभियंता हर्मान फॉटिंगर यांनी दात्यांचे काम द्रवावर सोपवले आणि १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. टॉर्क कन्व्हर्टरचा जन्म तो हाच.

रचना तीन चक्रांची आहे. इंजिनाला जोडलेला पंप तेल भिरकावतो, ते तेल टर्बाइनला फिरवते आणि परतणाऱ्या तेलाची दिशा स्टेटर बदलतो. स्टेटरवरील प्रतिक्रियेमुळे टर्बाइनला इंजिनापेक्षा अधिक टॉर्क मिळतो; मोटारीत निघताना तो साधारण दुप्पट असतो. मात्र हा लाभ पंपापेक्षा टर्बाइन बरेच मागे असेल तेव्हाच होतो. वेगातील या तफावतीला स्लिप म्हणतात. टर्बाइन स्थिर असताना टॉर्क मोठा असतो, पण चाकांना मिळणारी शक्ती शून्य. सारी ऊर्जा तेल तापवण्यात जाते.

अमेरिकेत १९४८ मध्ये ब्यूकच्या डायनाफ्लो गिअरपेटीने हे यंत्र प्रवासी मोटारीत आणले. पुढे ते पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यतीतही शिरले. तेथील निवड स्टॉल वेगावर ठरते. टर्बाइन रोखून धरले असता पूर्ण थ्रॉटलवर इंजिन जितक्या फेऱ्यांपर्यंत चढते, तो हा वेग. तो कमी असला, तर गाडी सुटताना इंजिन आपल्या जोमाच्या टप्प्यात पोचलेलेच नसते. तो अवाजवी असला, तर अंतिम रेषेपाशीही स्लिप उरते आणि शक्ती उष्णतेत जाते.

येथे भौतिकशास्त्राचा एक नियम निर्णायक ठरतो. पंप पेलतो तो टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असतो. रचना तशीच ठेवून व्यास १० टक्क्यांनी घटवला, तर तोच टॉर्क पेलण्यास सुमारे ३० टक्के अधिक फेऱ्या लागतात. म्हणूनच शर्यतीचे कन्व्हर्टर लहान असतात. शिवाय एकच कन्व्हर्टर अधिक जोरकस इंजिनामागे अधिक स्टॉल वेग दाखवतो. केवळ विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यावरून निवड करणारा फसतो, तो यामुळेच.

भारतात हाच प्रश्न रेल्वेपुढे उभा राहिला. थांबलेली गाडी हलवण्यास डिझेल इंजिनाला कन्व्हर्टरची मदत हवी. पण वेग आल्यावर तीच स्लिप म्हणजे वाया गेलेले इंधन. मनमोहन सुरी यांनी आरंभीच्या टप्प्यात द्रव आणि पुढील टप्प्यात यांत्रिक जोडणी यांचा मेळ घातला. ही रचना सुरी ट्रान्समिशन म्हणून ओळखली गेली. सुरी यांना १९६२ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. चित्तरंजनच्या कारखान्यात घडलेल्या डब्ल्यूडीएस-४ या शंटिंग इंजिनांत त्यांची रचना वापरली गेली.

आजच्या स्वयंचलित मोटारीतील लॉक-अप क्लचही वेग आल्यावर पंप आणि टर्बाइन एकमेकांना जखडून टाकतो. निघताना स्लिप सोसावीच लागते; ती किती आणि कोठवर सोसायची, याचा हिशेब फॉटिंगर यांच्या काळापासून चालूच आहे.