परका म्हणून टाळलेला प्रश्न

कॉलेजातल्या मुलांनी वंश, वांशिकता आणि सामाजिक न्याय या विषयांवर परिसंवाद भरवायचं मनात आणलं, की विरारसारख्या शहरात एक ठरलेलं मत ऐकायला मिळतं. वंशभेद हा अमेरिकेचा आणि दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न, आपल्याकडे गोरे-काळे असं काही नाही. जातीचा विषय काढला तर उगाच मनं दुरावतात. आणि चर्चा करायचीच असेल तर ती विद्वानांनी करावी, टी.वाय.च्या पोरांनी परीक्षा सांभाळावी. असं म्हणणारी माणसं बहुधा मुलांच्या हिताचंच पाहत असतात. म्हणून या मताला उत्तर द्यायचं तर त्याच्या सर्वांत भक्कम आधारापासून सुरुवात केली पाहिजे.

तो आधार डॉ. आंबेडकरांचा आहे. जात म्हणजे वंश नव्हे, असं खुद्द त्यांनीच सांगितलं आहे, हे अगदी खरं. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. जातीचं मूळ कातडीच्या रंगात शोधणाऱ्या युरोपीय अभ्यासकांना त्यात त्यांनी खोडून काढलं आणि जातीचा कणा जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे, असं दाखवून दिलं. 1948च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तर समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्यांच्या ग्रंथातली नाकाची मापं घेऊन त्यांनी सिद्ध केलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे नाहीत.

पण हा मुद्दा उगमाचा झाला. अन्यायाची तुलना करू नये, असं त्यातून कुठे निघतं? याच आंबेडकरांनी 1946 साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. भारतातल्या अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे, की निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यास आवश्यक आहे, असा त्या पत्राचा आशय होता. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत आंबेडकरांना हवी होती. त्याच्याही आधी, 1873 साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती नावासकट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरची प्रेरणा घेऊन. महाराष्ट्राने हा संवाद दीडशे वर्षं चालवला आहे. त्याला परका म्हणणं म्हणजे आपलाच वारसा नाकारणं.

जात म्हणजे वंश नव्हे, हे मत सरकारी पातळीवरही मांडलं गेलं. 2001 साली वंशवादाविरुद्धच्या डर्बनच्या जागतिक परिषदेत भारत सरकारने भूमिका घेतली, की जात हा वंशाचा विषय नाही, तेव्हा तो तिथे नको. आंद्रे बेतेय यांच्यासारख्या नामवंत समाजशास्त्रज्ञानेही जातीला वंश म्हणणं अशास्त्रीय ठरवलं. बेतेय यांचा आक्षेप शास्त्राच्या बाजूने रास्त होता. पण वांशिक भेदभावाविरुद्धच्या 1965च्या आंतरराष्ट्रीय करारातच वंश आणि वर्ण यांच्या जोडीला जन्माने मिळणाऱ्या कुळाचा उल्लेख आहे, आणि तो घालण्याची सूचना भारताच्याच प्रतिनिधींची होती. भारताने 1968 साली त्या कराराला मान्यताही दिली. तेव्हा कायद्याच्या बाजूने हा दरवाजा आपणच उघडलेला आहे.

आता विद्वानांनीच बोलावं, या म्हणण्याकडे येऊ. 1916 साली आंबेडकर कोण होते? पंचविशीतले विद्यार्थी. सेमिनारमध्ये बसून त्यांनी त्या काळच्या मोठमोठ्या नावांना आव्हान दिलं. दुसरं उदाहरण इरावती कर्वे यांचं. 1920च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये त्या मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. कवट्या मोजून वंशांची उच्चनीचता दाखवता येते, ही तिथली धारणा. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि कवटीच्या असमान ठेवणीचा वंशाशी संबंध लागत नाही, असा निष्कर्ष गुरूच्या मताविरुद्ध प्रबंधात लिहिला. पुढे नाझी राजवटीत त्या वंशशास्त्राने काय अनर्थ केला ते जगाने पाहिलं. इथे 1901च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले हेही नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा नियमच सांगत होते. मालवणच्या गो. स. घुर्यांनी 1932च्या ग्रंथात दाखवलं, की उत्तर हिंदुस्थानाबाहेर हा नियम टिकत नाही. वंशाच्या थोतांडाशी आंबेडकर-कर्व्यांसारख्या मराठी माणसांनी ऐन विद्यार्थिदशेत दोन हात केले आहेत. त्या मुलांना कोणी अभ्यास सांभाळा म्हणून गप्प बसवलं असतं तर?

उरला मुद्दा मनं दुरावण्याचा. इथे मला विरारच्या आसपासचंच बोलायचं आहे.

पालघर जिल्ह्यात 2011च्या जनगणनेनुसार सुमारे 37 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत गेली आणि तलासरी, डहाणूकडच्या पाड्यांवरच्या मुलांना विरारच्या कॉलेजांचा रस्ता सोपा झाला. प्रवेशाच्या दिवसांत खिडकीवर काय चालतं ते पाहावं. रांग लागलेली असते, आतून आवाज येतो, “एस.टी.वाले बाजूला उभे राहा, तुमचं नंतर.” वारली मुलगी प्लॅस्टिकच्या पिशवीतली कागदपत्रं छातीशी धरून बाजूला होते. जातीचा दाखला आहे, पडताळणी व्हायची आहे, वडिलांचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं. मागच्या रांगेतला कोणीतरी पुटपुटतो, “यांना सगळं फुकट.” दुरावा इथे आधीच आहे, परिसंवादाचं पत्रकही निघालेलं नसताना.

या मुलीच्या पणजोबांच्या पिढीत या भागात लग्नगडी होते. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले, की नवरा-बायको दोघंही त्याचे राबते गडी. 1945 साली किसान सभेचे कार्यकर्ते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्यासोबत वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा आला 1976 साली, आणि त्यानंतरही वसई तालुक्यात वेठबिगार सोडवण्यासाठी श्रमजीवी संघटनेला झगडावं लागलं. हा इतिहास वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नाही. ‘फुकट’ हा शब्द त्या अज्ञानातून येतो.

वांशिकतेचं म्हणाल, तर वसईइतका गुंतागुंतीचा नमुना क्वचित सापडेल. सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती एकच बोली बोलतात, धर्म मात्र दोन. पोर्तुगीज गेले 1739 साली, तरी ख्रिस्ती शेजाऱ्याला परका समजणारे आजही आहेत. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष का, म्हणून विरोध झाला, धमक्यांचे फोन आले. ज्यांनी ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षं मराठीतून चालवलं, हरित वसईसाठी लढा दिला, त्यांच्या मराठीपणावर शंका! हे मला अजूनही फार लागतं.

आणि गोरे-काळे? नालासोपाऱ्यात आफ्रिकी देशांतून आलेले लोक भाड्याने राहतात. घानाचा असो वा युगांडाचा, तोंडावर ‘नायजेरियन’ आणि पाठीमागे ‘काळ्या’. एकाला गुन्ह्यात पकडलं, की सगळ्या सोसायट्यांचे दरवाजे बंद. उत्तर भारतातून आलेल्या रिक्षावाल्याची गत फारशी वेगळी नाही. यात वंशभेद नसेल तर तो आणखी कसा दिसतो, हे ‘आपल्याकडे नाही’ म्हणणाऱ्यांनी सांगावं.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मी पूर्ण मान्य करतो. बाहेरून आणलेली तयार भाषा आणि पाहुण्यांची भाषणं यांनी काही साधत नाही. म्हणून परिसंवाद असा हवा, की प्रत्येक निबंधामागे मुलांनी स्वतः केलेलं काम असेल. वारली मुलाने आपल्या पाड्यावरच्या म्हाताऱ्यांकडून वेठीच्या आठवणी टिपून आणाव्यात आणि वारलीतच वाचाव्यात, मराठी मुलांनी कान देऊन ऐकावं. कुपारी आणि सामवेदी मुलांनी मिळून एकाच गावाच्या दोन आठवणी लिहाव्यात. घर भाड्याने देताना एजंट कोणते प्रश्न विचारतो, याची नोंद समाजशास्त्राच्या वर्गाने करावी. प्राध्यापकांनी श्रोत्यांत बसावं आणि विचारलं तर उत्तर द्यावं. शिष्यवृत्ती का अडते, पडताळणीसाठी कॉलेज काय मदत करतं, यूजीसीच्या समता विनियमांप्रमाणे तक्रार ऐकणारा माणूस कोण, त्याची खोली कुठली, हे प्राचार्यांनी त्याच सभेत सांगावं. आणि प्रवेशाच्या खिडकीवर कुणालाही जमातीच्या नावाने बाजूला उभं करायचं नाही, अशी लेखी सूचना पुढचे प्रवेश सुरू होण्याआधी कार्यालयाला मिळावी.