परसातून टिपलेले जोडतारे

जोडताऱ्यांचा पद्धतशीर शोध १७७९ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे संगीतकार विल्यम हर्शेल यांनी स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून सुरू केला. यातील काही तारे परस्परांभोवती फिरतात, हे त्यांनी १८०३ मध्ये दाखवून दिले.

या क्षेत्रातील सर्वांत विलक्षण हौशी निरीक्षक मात्र शिकागोचे शेरबर्न वेस्ली बर्नहॅम. दिवसा न्यायालयात लघुलेखन, रात्री परसात आकाशनिरीक्षण, असा त्यांचा क्रम होता. आल्व्हन क्लार्क यांच्या कारखान्यातील सहा इंची दुर्बिणीने त्यांनी ८१ नव्या जोड्या शोधल्या आणि १८७३ मध्ये त्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली. सुरुवातीला त्यांच्याजवळ ताऱ्यांमधील अंतर मोजण्याचे सूक्ष्ममापक नव्हते. ती मोजमापे इटलीतून बॅरन देम्बोव्स्की करीत. बर्नहॅम यांच्या १९०६ च्या सूचीत १३,६६५ जोड्या आहेत.