भौगोलिक प्रसारण-निर्बंध

भौगोलिक प्रसारण-निर्बंध : चित्रपट, मालिका, संगीत इत्यादींचा उपभोग ठराविक भूप्रदेशापुरता मर्यादित ठेवण्याची व त्या मर्यादेबाहेरून आलेली मागणी नाकारण्याची पद्धती. इंटरनेटवरील प्रसारणसेवांनी व्हीपीएन (आभासी खाजगी जाल) आणि टनेल (बोगदा-जोडणी) यांना केलेला अटकाव हे तिचे अलीकडील रूप होय. तथापि तिची मुळे चित्रपट-वितरणाच्या जुन्या व्यवस्थेत आढळतात.

पूर्वेतिहास : भारतात चित्रपटांचे वितरणहक्क ‘सर्किट’नुसार विकले जात. ही सर्किटे ब्रिटिशकालीन प्रशासकीय विभागांवर बेतलेली होती. त्यामुळे विदर्भ ‘सी. पी. बेरार’ सर्किटात, मराठवाडा ‘निझाम’ सर्किटात, तर पश्चिम महाराष्ट्र, गुजरात आणि बेळगावकडील भाग मुंबई सर्किटात मोडे. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आणि निपाणी यांच्यामध्ये १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने राज्याची सीमा आली. परंतु चित्रपट-व्यवसायाच्या नकाशावर दोन्ही गावे एकाच सर्किटात राहिली. हक्कांचे क्षेत्र हे राज्याचे अथवा भाषेचे क्षेत्र नसते, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते.

ध्वनिलहरींना मात्र असे क्षेत्र मानवत नाही. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाल्यानंतर आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ बंद झाली, तेव्हा श्रोते लघुलहरींवरील रेडिओ सिलोनकडे वळले. यावर उपाय निघाला तो ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या ‘विविध भारती’च्या रूपाने, म्हणजे अटकावाने नव्हे, तर पुरवठ्याने. पुढे व्हिडिओ कॅसेटच्या काळात भारतातील ‘पाल’ व अमेरिकेतील ‘एनटीएससी’ या भिन्न पद्धतींमुळे येथून नेलेली कॅसेट परदेशस्थ मराठी कुटुंबांना तेथील साध्या यंत्रावर पाहता येत नसे. ही अडचण तांत्रिक भेदातून उद्भवलेली होती. डीव्हीडीच्या बाबतीत ती हेतुपुरस्सर निर्माण करण्यात आली : जगाचे विभाग पाडून तबकडीवर विभाग-क्रमांक घालण्यात आला. अमेरिका विभाग १ मध्ये, तर भारत विभाग ५ मध्ये होता.

कार्यपद्धती : इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीस आयपी पत्ता असतो व त्यावरून ग्राहकाच्या देशाचा अंदाज बांधला जातो. व्हीपीएनमध्ये ग्राहकाची माहिती सांकेतिक रूपात दूरच्या सर्व्हरपर्यंत जाते व तेथून पुढे निघते. त्यामुळे प्रसारणसेवेस त्या सर्व्हरचाच पत्ता दिसतो. टनेलमध्ये एका प्रकारची माहिती दुसऱ्या प्रकारच्या वेष्टनातून नेली जाते. आयपीव्ही-४ या जुन्या पद्धतीत सु. ४३० कोटी पत्तेच शक्य असल्याने आयपीव्ही-६ ही नवी पद्धती आली. ती ज्यांच्या स्थानिक पुरवठादाराकडे नव्हती, असे ग्राहक टनेलद्वारे तिचा लाभ घेत. प्रसारणसेवा माहिती-केंद्रांच्या पत्त्यांच्या याद्या ठेवून, तसेच एकाच पत्त्यावरून येणाऱ्या खात्यांची संख्या पाहून अशा जोडण्या ओळखतात.

अटकावाचा विस्तार : नेटफ्लिक्स ही सेवा ६ जानेवारी २०१६ रोजी भारतासह १३० हून अधिक देशांत सुरू झाली आणि त्यानंतर सुमारे आठवड्याभराने तिने व्हीपीएन व तत्सम साधने रोखण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जूनमध्ये हरिकेन इलेक्ट्रिक या कंपनीच्या विनामूल्य आयपीव्ही-६ टनेलचे ग्राहकही या अटकावात सापडले. त्यांतील अनेकांना देश लपवावयाचा नव्हता. त्यांना केवळ नवी पत्ता-पद्धती हवी होती. आयपीव्ही-६ बंद करणे, हाच त्यांच्यापुढील सोपा मार्ग उरला. भारतात सप्टेंबर २०१६ पासून जिओने आयपीव्ही-६ सर्रास उपलब्ध करून दिल्याने अशा टनेलची गरज कमी झाली. तथापि आयपीव्ही-४ पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक ग्राहकांना एकच पत्ता वाटून दिला जातो. लहान गावातील असा सामायिक पत्ता संशयित ठरल्यास निर्दोष ग्राहकांचीही सेवा खंडित होऊ शकते.

कायदा : भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांच्या हस्तांतरणलेखात प्रादेशिक क्षेत्र नमूद नसल्यास ते भारतापुरते मानले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ६५क हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक तांत्रिक उपाय निष्प्रभ करण्यास शिक्षा सांगते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे व्हीपीएन पुरवठादारांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जतन करण्यास सांगितले. तेव्हा काही परदेशी पुरवठादारांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. याउलट युरोपीय संघात १ एप्रिल २०१८ पासून, तात्पुरत्या प्रवासात असलेल्या वर्गणीदारास आपल्या देशातील सशुल्क सेवा संघातील अन्य देशांतही पाहण्याचा हक्क मिळाला.

मूल्यमापन : प्रादेशिक हक्क स्वतंत्रपणे विकता येतात, म्हणूनच अनेक निर्मात्यांचा खर्च भरून निघतो, अल्प भांडवलाच्या मराठी चित्रपटास तर परदेशातील हक्कांचे उत्पन्न मोलाचे ठरते. त्यामुळे निर्बंध सर्वस्वी अन्याय्य म्हणता येत नाहीत. परंतु पत्त्यावरून माणसाचे स्थान ठरविणारी यंत्रणा हेतू ओळखू शकत नाही. खाजगीपणासाठी व्हीपीएन वापरणारा, कार्यालयाच्या जोडणीवरून काम करणारा आणि हक्क चुकविणारा, हे तिघेही तिला सारखेच. शिवाय ज्या देशासाठी हक्क विकलेच गेलेले नाहीत, तेथील मराठी प्रेक्षकास पैसे देऊनही चित्रपट पाहता येत नाही. त्याला रोखून निर्मात्याचाही लाभ होत नाही. रेडिओ सिलोनच्या अनुभवाचा बोध येथेही लागू पडतो : मागणी असलेल्या ठिकाणी रास्त पुरवठा झाल्यास आडवाटेचे आकर्षण आपोआप घटते.