नसलेली दोरी

बदलीच्या गावी आमची मुले नव्या शाळेत प्रथम मुकीच असतात. भाषा येत नाही म्हणून त्यांना खेळात घेत नाहीत, आणि खेळात घेत नाहीत म्हणून भाषा येत नाही. शिकागोच्या परदेशी मजुरांच्या वस्तीत हीच अडचण होती. तेथे १८८९ साली स्थापन झालेल्या हल हाउसमध्ये नीवा बॉइड यांनी खेळ हेच समाजशिक्षणाचे साधन मानले. त्यांच्या शिष्या व्हायोला स्पोलिन यांनी १९३९ ते १९४१ या काळात सरकारी योजनेतून नाट्यवर्ग चालविले आणि पाठ केलेल्या संवादांऐवजी खेळच पुढे आणले. एकाने हालचाल करावी, दुसऱ्याने त्याचे आरशातील प्रतिबिंब व्हावे. हाती नसलेल्या दोरीची रस्सीखेच करावी. ती दोरी तुटू नये म्हणून प्रतिपक्षाकडेही लक्ष द्यावेच लागते! शिक्षकाने शाबासकी देऊ नये, दोषही देऊ नये, असा त्यांचा आग्रह असे. आम्हांस सर्वांत कठीण वाटते ते हेच. १९६३ साली त्यांचा ग्रंथ निघाला. तत्पूर्वी, १९५९ साली, त्यांचे पुत्र पॉल सिल्स ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाट्यमंडळीच्या संस्थापकांत होते. लौकिक तिलाच अधिक लाभला. वर्गातील शिक्षकांसाठी स्पोलिनबाईंचे स्वतंत्र पुस्तक यावयास मात्र १९८६ साल उजाडले.